आवळधरीच्या विहिरीतलं मीठ

१

आवळधरीच्या रंगशाळेला कुलूप लागलं, ते मी काढलेल्या एका आकड्यामुळे.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना होता. वर्ध्याच्या आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी, भूपेंद्र, धाकटा केमिस्ट होतो. गावोगावच्या विहिरींचं पाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी तपासायचं, हे आमचं काम. त्यातलं क्लोराइड, म्हणजे पाण्यातला खारेपणा, मोजण्यात माझा हात बसला होता. पाण्यात पिवळं क्रोमेट टाकायचं आणि वरून थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. क्लोराइड आहे तोवर त्यातली चांदी त्यालाच धरून बसते. ते संपलं की पिवळा रंग विटकरी होतो. जितके थेंब जास्त लागतील, तितकं पाणी खारं. या सिल्व्हर नायट्रेटनं माझी बोटं काळी पडली होती आणि मुलगी बघायला गेलो की मी हात खिशातच ठेवत असे.

आवळधरी हे कारंजा घाडग्याच्या पुढचं लहानसं गाव. तिथे सीताबाईंनी गावातल्या बायका जमवून खादीचं सूत रंगवायची रंगशाळा काढली होती. रंग पक्का बसावा म्हणून कढईत मीठ आणि धुण्याचा सोडा टाकतात. त्याचं सांडपाणी सिमेंटच्या टाक्यात साठत असे आणि रस्त्यापलीकडे गावाची पिण्याची विहीर होती. रंगाचं पाणी विहिरीत झिरपतं, अशी तक्रार आली. आमचा नत्थू जाऊन दोन्हीकडचं पाणी घेऊन आला.

टाक्याचं पाणी खारं निघालं, ते निघणारच होतं. पण विहिरीच्या पाण्यात मी थेंब सोडतोय, सोडतोय, आणि रंग काही बदलेना. पिण्याच्या पाण्याला चालेल त्याच्या कितीतरी पट क्लोराइड! मी पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. आमचे साहेब प्रभाकरराव यांनी अहवालावर सही केली आणि रंगशाळेच्या दाराला सील लागलं.

त्यानंतर एका सकाळी सीताबाई स्वतः प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात शिव्या खायची तयारी केली.

"साहेब, मी भांडाले नाई आली," त्या म्हणाल्या. "एकच पुसाले आली. आम्ही त्याच विहिरीचं पानी पेतो, त्याचाच चहा करतो. ते खारं कवा झालं, तेवढं सांगा."

मी त्यांच्यासाठी बाक पुढे ओढला.

"बायका घरी बसल्या. आमची पंचफुला तं जेवून नाई राह्यली. टाक्याची देखरेख तिच्याकडं होती नं. तिले वाटते, आपल्याच हातानं सारं गाव इखारलं."

एवढं बोलून त्या बाकावर बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

रीता मॅडम त्याच दिवशी रजेवरून परत आल्या होत्या. आमच्या थोरल्या केमिस्ट. आवाज मोठा, जीभ तिखट, आणि चूक सापडली की साहेबांनासुद्धा सोडायच्या नाहीत. त्यांनी सीताबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"भूपेंद्र, आकडा मला नको सांगू. बाटली सांग. कशी आली?"

"नत्थूभाऊ दुपारी यायचा, तो दिवेलागणीला आला. बस बिघडली म्हणाला. पण मॅडम, नमुने काय थंड होते! बाहेर अंगाची लाही होत होती आणि बाटली धरली तर बोटं बधिर झाली. विहिरीच्या बाटलीत तर गळ्याशी बर्फाच्या काड्या तरंगत होत्या. बूच जरासं वर आलं होतं, ते मी दाबून बसवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर नत्थूभाऊची पाठ थोपटली."

मॅडम "हं" म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही उरलेले नमुने मागितले आणि दोन्हींत पीएचची एकेक पट्टी बुडवली. टाक्याच्या पाण्यात पट्टी गडद निळी झाली. विहिरीच्या पाण्यात ती जेमतेम हिरवट झाली.

"रंगाच्या पाण्यात मीठ आणि सोडा दोन्ही असतात," मॅडम म्हणाल्या. "ते पाणी विहिरीत झिरपलं असेल, तर मीठ तेवढं आलं आणि सोडा काय रस्ता ओलांडायला घाबरला?"

सीताबाईंना पट्टीतलं काही कळलं नसावं, पण त्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

२

म्हणजे कोणीतरी नुसतं मीठ टाकलं होतं. माझ्या डोक्यात लगेच एक नाव आलं. तक्रार करणारे महादेवराव! किराण्याचे व्यापारी, विहिरीला लागून गोदाम, आणि गोदामात जनावरांच्या खड्या मिठाची पोती. रंगशाळेची जागा त्यांना केव्हापासून हवी होती, हे सीताबाईंनी आवळधरीला जाताना जीपमध्येच सांगितलं. मला तर गुन्हेगार सापडल्यातच जमा होता.

महादेवरावांनी हसतमुखानं स्वागत केलं. "या मॅडम, या. रस मांगवू का उसाचा?"

"आधी मीठ दाखवा," मॅडम म्हणाल्या.

गोदामात पोती रचलेली होती, छतापर्यंत. सुतळी कुठे सुटलेली नव्हती, जमिनीवर सांडलवंड नव्हती. महादेवरावांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र आता मावळलं होतं.

"मॅडम, तक्रार मीच केली, कबूल हाय. ते लाल पानी पाहून जीव घाबरते मानसाचा. आनं जागा मले पाह्यजे होती, हेही सारं गाव जानते. पन विहिरीत मीठ? माही माय त्याच विहिरीचं पानी पेते. तिले बीपी हाय. डॉक्टरनं तिच्या भाजीतलं मीठ बंद केलं, आनं मी विहिरीत पोतं टाकू? काऊन? मले नरकात जाचं हाय का?"

आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन हाय रे महादेव?" आणि तो माणूस क्षणात लहान पोरासारखा झाला. "कोनी नाई माय, पानीवाले हाय." मला त्या आवाजानंतर त्यांच्यावर संशय घेणं जड जाऊ लागलं.

मॅडमनी विहिरीत डोकावून पाहिलं. दगडी बांधणीची, रुंद, आणि मे महिन्यातसुद्धा चांगलं पाणी धरून असलेली विहीर. "भूपेंद्र, तुझ्या आकड्याइतकी ही खारी करायची, तर पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या ओताव्या लागतील. गावानं त्या गाड्या पाहिल्या नसत्या?"

मग त्यांनी जे केलं, ते मी अहवाल लिहिण्याआधीच करायला हवं होतं. सीताबाईंनी बादली ओढली, मॅडमनी लोटा भरून घेतला आणि गटागट पिऊन टाकला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

मी जीपच्या बॉनेटवर सामान मांडलं. क्रोमेट टाकलं, पाणी पिवळं झालं. सिल्व्हर नायट्रेटचे अगदी थोडे थेंब पडले असतील नसतील, तोच विटकरी रंग! भोवती गाव जमलं होतं. कोणाला काही कळलं नव्हतं, पण माझं तोंड पाहून सगळे जवळ सरकले.

"म्हंजे आमचं पानी चांगलं हाय?" मागून एक बाई हळूच म्हणाली. ती पंचफुला होती, हे मला तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांवरूनच कळलं.

"चांगलं आहे हो," मॅडम म्हणाल्या. "पण कुलूप काढायला तेवढं पुरणार नाही. साहेब म्हणतील, आजचं गोड असेल, त्या दिवशीचं खारं होतं. त्या दिवशी बाटलीत मीठ कुठून आलं, ते सांगावं लागेल."

खारेपणा विहिरीत कधी नव्हताच. तो बाटलीत शिरला होता. आणि ती बाटली दोघांच्याच हातातून गेली होती. एक नत्थू, दुसरा मी.

३

परतीच्या वाटेवर मॅडमनी मला सोडलं नाही. बाटल्या कोण धुतं? मीच. कशानं? शेवटचं पाणी डिस्टिल्डच. प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यांनी त्याच फळीवरच्या बाटल्या डिस्टिल्ड पाण्यानं विसळायला लावल्या आणि ते पाणी माझ्याकडूनच तपासून घेतलं. पहिल्याच थेंबाला विटकरी. माझ्या जिवात जीव आला. लगेच वाईटही वाटलं, कारण आता एकटा नत्थूभाऊ उरला होता.

नत्थूभाऊ आमच्याकडचा जुना माणूस. सगळा जिल्हा पायाखाली घातलेला. समुद्रपूरच्या कोणत्या विहिरीला पायऱ्या आहेत नि कोणत्या गावात कुत्री चावरी आहेत, हे त्याला ठाऊक. पण त्या दिवशी मॅडमसमोर तो मान वर करेना.

"नत्थूभाऊ, बाटल्या वाटेत कोणाच्या हातात दिल्या होत्या?"

"नाई मॅडम. माह्या डोयाआड नाई झाल्या."

"बस कुठे बिघडली?"

"तथीच... कारंज्याजवळ."

"कोणी भेटलं?"

"कोनी नाई." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मी सरकारचं मीठ खाल्लं मॅडम, बाटलीत नाई टाकलं."

तो गेल्यावर मी म्हणालो, "खोटं बोलतोय. महादेवरावांनी फितवलं असणार."

"खोटं बोलतोय हे खरं," मॅडम म्हणाल्या. "पण खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर नसतो रे. त्याची बर्फाची पेटी आण."

पेटी कोपऱ्यात पडली होती, त्या दिवसापासून कोणी वापरली नव्हती. कडी गंजून लाल झाली होती. मॅडमनी तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. त्यांनी ते जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला मात्र हसू येईना. नत्थूभाऊनं खरंच मीठ टाकलं होतं तर!

"आता दोन ग्लासांत बर्फ फोडून घाल," मॅडम म्हणाल्या. "एकात मूठभर मीठ टाक. दोन्हींत पाण्याची एकेक परीक्षानळी खुपस आणि चहा सांग."

चहा आला, पिऊन झाला. कप खाली ठेवून मॅडमनी साध्या बर्फातली नळी उचलली. पाणी थंड झालं होतं, पण पाणीच होतं. मग त्यांनी मिठाच्या बर्फातली नळी उलटी केली. आतून काही सांडलं नाही. पाणी गोठून दगड झालं होतं.

"साधा बर्फ पाण्याला गार करतो, गोठवत नाही," मॅडम म्हणाल्या. "तू स्वतः सांगितलंस, बाटलीच्या आत बर्फाच्या काड्या होत्या. तुझी बोटं बधिर झाली. मे महिन्यात, एवढ्या उशिरा आलेल्या पेटीत! पाणी गोठताना फुगतं, त्यानं काचेचं बूच वर उचललं. पेटीतलं वितळलेलं खारं पाणी त्या फटीतून आत गेलं. चमचाभर पुरे. टाक्याच्या नमुन्याला फिरकीचं झाकण होतं, त्याला काही झालं नाही."

मीच तर सगळं पाहिलं होतं. पाहिलं, सांगितलं, वर कौतुकही केलं, आणि त्याचा अर्थ मात्र मला लागला नव्हता.

"पण मिठाचा बर्फ नत्थूभाऊला मिळाला कुठे? बर्फाच्या कारखान्यात काही मीठ घालून देत नाहीत."

"तेच. तूच सांग, या उन्हात बर्फात मीठ घालतं कोण?"

मी खुर्चीवरून उठलोच.

४

कारंज्याच्या हायवेवर ढाब्यांची रांग आहे. नागपूर-अमरावतीचे ट्रक तिथे थांबतात. त्या रांगेच्या टोकाला, कडुलिंबाखाली, कुल्फीचं एक लाकडी पिंप होतं आणि त्यामागे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना बापूजी म्हणत. पिंपात फोडलेला बर्फ, बर्फावर खडं मीठ, आणि त्यात रोवलेले कुल्फीचे साचे.

मॅडमनी काही विचारण्याआधी बापूजींची नजर माझ्या हातातल्या पेटीवर गेली आणि ते ताडकन उठले.

"हे तं त्या बाटलीवाल्या भाऊची पेटी हाय! तो जित्ता हाय नं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या. "काय झालं होतं त्याला?"

"काय झालं म्हंता? भर दुपारी येष्टीतून उतरला, पानी पेतो म्हने, आनं इथंच बाकाजवळ कोसळला. अंग असं तापलं होतं, हात लावोसा नाई वाटे. ट्रकवाल्या पोट्ट्यांनी उचलून सावलीत आनला. म्या डोक्यावर बर्फ ठेवला, तळपायाले कांदा चोळला, घोट घोट पन्हं पाजलं. मले वाटलं, हा काही राहात नाई. शुद्धीवर आला तं पह्यला शब्द काय, तं 'माह्या बाटल्या!' त्याच्या पेटीतल्या बर्फाचं पार पानी झालं होतं. म्हनलं, भाऊ, तू पडून राय, बाटल्या माह्याकडं. पिंपातला सारा बर्फ काढला आनं पेटीत गच्च भरला. आपला मिठाचा बर्फ, एकदम कडक. साधा त्याले वर्ध्यापावतर पुरला नसता."

"आणि तुमची कुल्फी?"

"त्या दिवशी नाई जमली. कुल्फी काय, उद्या जमते. मानूस रोज थोडीच भेटते वाचवाले?"

मला बापूजींचे पाय धरावेसे वाटले. एवढे दिवस मी चोर शोधत होतो आणि त्या मिठामागे निघाला तो हा माणूस. मॅडमनी जाताना त्यांना दोन्ही हात जोडले.

जीपमध्ये बसल्यावर मात्र खरी अडचण समोर आली. कुलूप उघडायचं तर हे सगळं लिहावं लागणार. लिहिलं, तर नत्थूभाऊनं लपवलेली गोष्ट साहेबांपुढे जाणार.

५

मॅडमनी त्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "नत्थूभाऊ, कारंज्याच्या बापूजींनी विचारलंय, तो जिवंत आहे ना?"

नत्थूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तो बोलू लागला. मागच्या उन्हाळ्यातही त्याला ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी उन्हात फिरायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"साहेबाले समजलं तं अनफिट म्हनून घरी बसवतीन. मले बाटल्या आनल्याबिगर दुसरं काय येते? म्हनलं, बाटल्या तं साजऱ्या थंड पोचल्या, मंग कोनाले काय सांगाचं? साहेबानं पाठ थोपटली तं मले उलटं रडू येत होतं."

"त्या बर्फाच्या मिठानं सीताबाईंच्या दाराला कुलूप लागलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि बुचाची सगळी हकीकत त्याला समजावून सांगितली.

"त्या बाईनं मले त्या दिवशी ताक देल्लं होतं," तो म्हणाला. मग उठला आणि कोणी सांगायच्या आत साहेबांच्या खोलीकडे चालू लागला. मॅडमनी मला थांबवलं. त्याचं त्यालाच सांगू दे, म्हणाल्या.

दार अर्धवट उघडं होतं. आम्हाला साहेबांचा आवाज ऐकू आला. "नत्थू, तू तिथे मेला असतास, तर तुझ्या घरी मी काय सांगितलं असतं? नमुने थंड आले म्हणून?" आमचे साहेब तसे कडक, सहीसाठीसुद्धा ताटकळत ठेवणारे. पण त्या दिवशी त्यांनी अहवाल रद्द केल्याचं पत्र स्वतः बसून लिहिलं, आणि नत्थूला उन्हाळाभर बाटल्यांच्या कोठीचं काम दिलं. घरी बसायचा विषय त्यांनी काढलाच नाही. साहेबांबद्दल मी आधी जे जे बोललो होतो, ते सगळं मागे घेतलं.

आवळधरीचं सील निघालं त्या दिवशी पंचफुलेनं पहिल्यांदा चूल पेटवली, रंगाच्या कढईखालची. महादेवरावांनीही तोंड जरा वाकडं करूनच, पण नारळ पाठवला. सीताबाईंना मॅडमनी काही न लपवता सगळं सांगितलं होतं. ऐकून त्या म्हणाल्या, "तो कुल्फीवाला मले दाखवाल?"

त्यांचं नुकसान झालं होतं, बायकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या बापूजींना काय बोलतील, याचा काही नेम नव्हता. मॅडम मात्र लगेच हो म्हणाल्या.

आम्ही सगळे कारंज्याला गेलो. नत्थूला पाहताच बापूजींनी त्याला मिठीच मारली. "अबे, जित्ता हायस तं एक चक्कर तं टाकाची!" नत्थू त्यांचा हात धरून उभा राहिला.

सीताबाईंनी पिशवीतून दोन दुपट्टे काढले. कुलूप उघडल्यावर रंगवलेल्या पहिल्या सुताचे, डाळिंबी रंगाचे. एक त्यांनी नत्थूला डोक्याला बांधायला दिला. "उनात असं उघड्या डोक्यानं फिरत जाऊ नोका भाऊ." दुसरा बापूजींपुढे धरला.

"मले काऊन माय? मी तं तुले वळखत बी नाई."

"तुमी आमचा मानूस वाचवला," सीताबाई म्हणाल्या.

बापूजींनी दुपट्टा खांद्यावर घेतला, हात फिरवून पाहिला, आणि एकदम काही आठवल्यासारखं विचारलं, "बरं, त्या बाटल्याचं काय झालं? नीट पोचल्या नं? मले लय घोर होता त्याचा."

नत्थूनं मान खाली घातली. मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सीताबाईंकडे. याचं उत्तर द्यायचा हक्क दुसऱ्या कोणाचा नव्हता.

सीताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पोचल्या भाऊ," त्या म्हणाल्या. "थंडगार पोचल्या."

बापूजी खूश झाले आणि सगळ्यांसाठी कुल्फी काढायला पिंपात वाकले.